बाळराजांचे न्हाणे आणि दोन्ही आजीसाहेबांचा मान

श्रीकानबाई माउलीचे चरणी मस्तक ठेवोन, आणि खानदेशीच्या उन्हास दुरूनच रामराम करोन, ही हकीकत लिहावयास घेतली. कारण की, कित्येक अर्धवट माहितगार मंडळी पारावर, व्हॉट्सॲपवर आणि दूध डेअरीचे रांगेत मनास येईल तैसे बोलत सुटली. कोणी म्हणती बाळास नजर लागली, कोणी म्हणती पोटात वायू धरला, आणि कोणी तर कमलबाईंचे हाताचा गुण गेला ऐसे निखालस खोटे पसरविते जाहाले. तेव्हा खरे काय ते एकदा कागदी चढावे आणि पुढील बाळंतिणींस उपयोगी पडावे, म्हणोन आम्ही कलम उचलिली. यात पदरचा मीठमसाला घातला नाही. घातला असल्यास चवीपुरता.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मास, वार रविवार. तिथी सांगवत नाही, कारण कॅलेंडराचे त्या चौकोनावर भूमिकाबाईंनी गॅस बुकिंगचा नंबर लिहोन ठेविला आहे. मुक्काम धुळे, पेठ देवपूर.

ते ठिकाणी श्रीमंत निंबा आबा राज्य करीत होते. राज्य म्हणजे, आबांनी एसटीचे साक्री मार्गावर तीस साल कंडक्टरी केली, खिडकीचे जागेवरून उठलेली शेकडो बंडे मोडिली, आणि मग निवृत्त होवोन कूलरासमोर खुर्ची टाकोन बसले. त्याउपरि घराचा कुल इख्त्यार त्यांचे कुटुंब रत्नाअक्का यांचेकडे गेला, तो आजतागायत तेथेच आहे. आबा-अक्कांस दोन कन्या. थोरली सारिकाबाई जळगावी दिली, धाकटी भूमिकाबाई कॉलेजात. जावई हेमराजराव दीपनगरचे वीजकेंद्रात पाळीवर तैनात, म्हणोन या मोहिमेत त्यांचे दर्शन फक्त मोबाइलचे पडद्यावर आणि तेही रेंज असेल तर. सारिकाबाई पहिलटकरीण म्हणोन माहेरी आल्या आणि यथाकाळ पुत्ररत्न जाहाले. वजन सव्वातीन किलो, जावळ दाट, आवाज खणखणीत. बारसे सव्वा महिन्यानंतर करावयाचे ठरल्याने नाव अद्यापि नव्हते. सबब सर्व दफ्तरी त्यांस बाळराजे ऐसेच लिहिले आहे.

आता कमलबाई. या देवपुरातील न्हाणवलीबाई, म्हणजे बाळ-बाळंतिणीस तेल लावोन न्हाऊ घालणाऱ्या. वय पासष्ट, अंगाने काटक, हात मऊ. ही सारिकाबाई जन्मली तेव्हा तीसही कमलबाईंनीच पायांवर घेवोन न्हाऊ घातले होते. यांची रीत ऐशी की, न्हाणीघरात पाटावर बसावे, दोन्ही पाय लांब करावे, बाळ पायांवर पालथे घ्यावे आणि कोमट तेल जिरवावे, मग सायीत कालविलेले डाळीचे पीठ, आणि मग तांब्याचे बंबातील पाणी ऐशा बेताने सोडावे की कपाळावर आडवा धरलेला तळहात ओला व्हावा आणि डोळ्यांत थेंब जावो नये. कमलबाईंनी न्हाणिलेले बाळ तीन तास निजते, हा लौकिक पांझरेचे दोन्ही तीरांवर गाजत होता. बाळराजेही पहिले तेरा दिवस तैसेच निजले. न्हाणे जाहाले की रत्नाअक्का शेगडीवर ओवा टाकोन दोन मिनिटे धुरी देत, गालास तीट लावीत, बाळ आईजवळ नेऊन देत आणि बाळराजे दूध पिवोन गपगार होत.

चौदावे दिवशी जळगावाहून स्वारी आली. हेमराजरावांच्या मातोश्री, सारिकाबाईंच्या सासूबाई, देवकाबाई. समागमे डिंकाचे लाडवांचे दोन डबे, चांदीची काजळाची डबी आणि आठ दिवसांचे लुगड्यांची बॅग. रत्नाअक्कांनी उंबऱ्यावर पाय धुतले, खुर्चीवर नवी चादर घातली, आणि आदरसत्कारात तसूभर कमी पडो दिले नाही. देवकाबाईही मोठ्या मनाच्या, त्यांनीही विहीणबाईंचे घरात आपण पुढे पुढे करावयाचे नाही ऐसा मनाशी निश्चय केला होता. दोन्ही बाजूंचा हेतू इतका शुद्ध असता मुलूख उद्ध्वस्त कैसा जाहाला, तेच आता सांगतो.

पंधरावे दिवशी सकाळी नऊ वाजता बाळराजे न्हाणीघरात गेले. आत असता मोठे खुशीत होते, पाणी अंगावर पडे तैसे ओठांचा चंबू करीत आणि कमलबाईंचे अंगठ्यास मुठीत धरीत. पंच्यात गुंडाळोन कमलबाईंनी त्यांस बाहेर आणिले, तो रत्नाअक्का शेगडी घेवोन आणि देवकाबाई डबी घेवोन ऐशा दोघी दारी उभ्या. मग रत्नाअक्का अदबीने म्हणाल्या, “विहीणबाई, घ्या बाळ. पहिला मान तुमचा.” त्यावर देवकाबाई दोन पावले मागे सरोन म्हणाल्या, “छे छे, घर तुमचं. आधी तुम्ही.” मग अक्का म्हणाल्या ते कैसे होईल, वंश तुमचा. मग देवकाबाई म्हणाल्या ते कैसे होईल, कष्ट तुमचे. आणि बाळराजे दोहोंचे मध्ये कमलबाईंचे हातांवर ओलेते लोंबकळत राहिले. सात मिनिटे ऐसी मानाची चेंडूफळी चालली, तोवर निखारे विझले, ते पुन्हा फुलवावे लागले, आणि ते फुलविण्याचाही मान कोणाचा हा सवाल निघाला.

बाळराजांनी तोंड उघडिले. तो आवाज ऐसा की समोरचे घरातील कुत्रे पलंगाखाली शिरले, कूलराची घरघर ऐकू येईनाशी जाहाली, आणि आबांनी पेपर खाली ठेविला, जो त्यांनी कन्येचे लग्नातही ठेविला नव्हता.

अखेर तह जाहाला तो ऐसा की, डावा डोळा धुळ्याकडे आणि उजवा डोळा जळगावाकडे. रत्नाअक्कांनी डावे डोळ्यात काजळाची बारीक रेघ ओढिली, देवकाबाईंनी उजवे डोळ्यात ठसठशीत भरिली, आणि बाळराजे एका अंगाने सात्त्विक व दुसऱ्या अंगाने दरोडेखोर ऐसे दिसो लागले. मग बाळगुटी उगाळणे आले, त्यात हळकुंड अक्कांनी उगाळावे की देवकाबाईंनी, यावर दोन्हीकडोन विनवण्या जाहाल्या. मग टाळू भरणे, मग मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे, तीही दोनदा, कारण एकीनेच काढिली तर दुसरीस वाईट वाटेल. इतके होईतो पाऊण तास लोटला. बाळराजे रडोन रडोन तांबडे लाल जाहाले आणि आईचे कुशीत गेले तेव्हा दूध ओढावयाची ताकद उरली नाही. दोन घोट घेतले, पुन्हा रडले, आणि दिवसभर किरकिर करीत राहिले. सारिकाबाई बाजेवर उठोन बसत, हात पुढे करीत, आणि त्यांस दोहोंकडोन एकच उत्तर मिळे की थांब, अजून झाले नाही.

सोळावे, सतरावे आणि अठरावे दिवशी हीच गत जाहाली. उपाय करावयास कोणी मागे राहिले नाही. भूमिकाबाईंनी मोबाइलवर समुद्राचा आवाज लाविला, तो बाळराजांनी आपल्या आवाजाने बुडविला. आबांनी ट्रंकेतून आपला जुना तिकिटाचा पंच काढोन कानापाशी टकटक वाजविला. बाळराजे क्षणभर चकित होवोन पाहू लागले, आबांची छाती फुगली, आणि लगेच दुप्पट जोराने आकांत सुरू जाहाला. शेजारच्या रईसाभाभी भिंतीवरोन डोकावल्या आणि “बच्चा भूका तो नहीं?” ऐसे विचारत्या जाहाल्या, परंतु त्या वेळी दोन्ही आजीसाहेब त्यांस चहास आधी कोणी बोलवावे या विचारात गुंतल्या होत्या, म्हणोन तो सवाल तैसाच भिंतीवर राहिला. डॉक्टरांस दाखविले. त्यांनी नीट तपासोन प्रकृती ठणठणीत ऐसा निर्वाळा दिला.

मग दोष कोणावर तरी यावयाचाच. रत्नाअक्का देवकाबाईंस बोलू शकत नव्हत्या, देवकाबाई रत्नाअक्कांस बोलू शकत नव्हत्या, आणि दोघीही जिला बोलू शकत होत्या ऐशी एकच होती. शुक्रवारी देवकाबाईंनी नाजूकपणे विषय काढिला की, जळगावात आता शिकलेल्या बाया येतात, हातमोजे घालून मालिश करतात, ऐशी एक धुळ्यातही मिळेल. कमलबाईंचे वय जाहाले, हात जड पडत असेल. अक्कांस हे रुचले नाही, परंतु विहीणबाईंचा शब्द खाली कैसा पडो द्यावा? म्हणोन हुकूम सुटला की रविवारपर्यंत पाहावे, आणि रविवारीही बाळ रडले तर सोमवारपासोन कमलबाईंनी येवो नये.

हे अक्कांनी कमलबाईंस अंगणात चप्पल घालिताना कळविले. त्यांनी आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करोन पाहिले आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, “मन्हा हातमा काय खोट शे?” चाळीस साल जी बाई दुसऱ्याची बाळे पायांवर घेत आली, तिला त्या दिवशी फाटकाची कडी लावावयासही सुचले नाही, आणि आम्हांस हे लिहितानाही बरे वाटत नाही.

शनिवारी नित्याचा आकांत जाहाला. त्याउपरि बाळंतिणीचे न्हाणे, ते नेहमी बाळामागोन होत असे. कमलबाई सारिकाबाईंचे पाठीस तेल लावीत होत्या, तो पाठ हलो लागली. कमलबाई हात थांबवोन म्हणाल्या, “काय व्हयनं माय? कसाले रडी राहिनी?”

“मावशी, त्याला भूक लागते गं,” सारिकाबाई हुंदके देत म्हणाल्या, “पाण्यातून निघाला की लगेच लागते. मला इथं कळतं ना, अंगातच कळतं. आणि कुणी देतच नाही.”

“मंग सांगत कसाले नही?”

“कुणाला सांगू? आईला म्हटलं, आधी माझ्याकडे दे, तर सासूबाईंचा मान गेला. सासूबाईंना म्हटलं, तर आईचा. दोघी इतक्या चांगल्या वागतायत की तोंडच उघडत नाही.”

कमलबाईंनी हे ऐकिले आणि त्यांचे डोळ्यांपुढे चार दिवसांचे सर्व रणांगण लख्ख उजळले. आपले हात निर्दोष, पाणी निर्दोष, तेल निर्दोष. बाळ न्हाणीघराचे उंबऱ्यापासोन आईचे बाजेपर्यंत दहा पावलांचे वाटेत सौजन्याने कोंडिले जात होते. त्या संतापल्या. मग सारिकाबाईंचे डोक्यावर तांब्या रिता करोन त्या इतकेच म्हणाल्या, “आते तू उगी ऱ्हाय. बठ्ठं मी पाही लेसू.”

तेथेच मसलत जाहाली. मनसुबा ऐसा की, मानाचा घाट चढोन जाणे होत नसेल तर घाट टाळोन जावे. रविवारी न्हाण्याचा क्रम फिरवावा, आधी बाळंतीण आणि मग लगोलग बाळ, दोघेही आत असताच. सबब विचारिल्यास बंबाची सांगावी की पाणी एकदाच तापते. या कटात आबांस घेणे जरूर होते, कारण बाहेरून दार राखावयास खंबीर माणूस पाहिजे. कमलबाईंनी भूमिकाबाईंसही कटात ओढिले आणि त्यांनी आबांचे कानी इतल्ला दिली. आबा इतके हर्षले की, निवृत्तीनंतर पहिल्यानेच कोणी जबाबदारीचे काम सांगितले म्हणोन त्यांनी रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा चढविला.

रविवार उजाडला. आठपासोनच ऊन तापले. साडेआठ वाजता सारिकाबाई न्हाणीघरात गेल्या, नऊ वाजता कमलबाई बाळराजांस घेवोन आत शिरल्या, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आबांनी खुर्ची उचलोन दारास पाठ लावोन ठेविली आणि तीवर बैठक मारिली. बाहेर दोन्ही फौजा सिद्ध होत्या. रत्नाअक्कांचे हाती शेगडी, निखारे लालबुंद, देवकाबाईंचे हाती चांदीची डबी. बाळ यावयास अवकाश होता म्हणोन आजचा मान कोणाचा याची बोलणी त्यांनी आगाऊच सुरू केली, की आयत्या वेळी खोळंबा होवो नये. “आज तरी तुम्ही आधी हं, विहीणबाई.” “काल तुम्ही असंच म्हणालात आणि शेवटी मलाच घ्यावं लागलं.” ऐसी ती बोलणी रंगात आली.

आत न्हाणे यथासांग जाहाले. बाळराजे अंगठा धरोन होते. शेवटचा तांब्या पडला, अंगावरील पाणी निथळले, आणि त्यांनी तोंड उघडोन पहिली आरोळी ठोकिली. कमलबाईंनी अंग पुसण्याचाही वेळ खर्चिला नाही. जुन्या धुवट लुगड्याचा तुकडा सारिकाबाईंचे मांडीवर होताच, त्यात बाळ ठेविले आणि आईचे छातीशी लाविले. आरोळी मध्येच तुटली. दुसरी आलीच नाही. गुटगुट ऐसा बारीक आवाज येवो लागला आणि सारिकाबाईंनी डोळे मिटले, केसांतून पाणी गळत होते ते गळो दिले, आणि चार दिवसांत पहिल्यानेच त्यांचे खांदे खाली आले.

बाहेर हाहाकार माजला. चार दिवस ज्या रडण्याने घर हैराण, ते रडणे न ऐकू येणे अधिक भयंकर वाटले. देवकाबाई म्हणाल्या, “रडत का नाही तो?” अक्का म्हणाल्या, “एकदाच ओरडला, मग गप्प!” दोघी एकदम दाराकडे धावल्या, आणि या वेळी कोणी कोणास आधी जा म्हणाले नाही. परंतु मध्ये आबा. आबांनी दोन्ही हात पसरले आणि तीस सालांचा मुरलेला आवाज बाहेर काढिला, “जागा नाही! मागच्या गाडीनं या!” अक्कांनी शेगडी हातात असता नवऱ्याकडे ऐसे पाहिले की दुसरा कोणी असता तर वितळता, आबा ढळले नाहीत. देवकाबाईंनी मोठ्या सभ्यपणे खुर्ची ओढू पाहिली. आबा खुर्चीसकट चार बोटे सरकले, पुन्हा मागे रेटले, आणि आतून भूमिकाबाईंनी मोबाइलवर पाठविलेले “अजून पाच मिनिटं धरा” हे फर्मान वाचोन घामाने निथळत मोर्चा लढवीत राहिले. या ठिकाणी भूमिकाबाई आत केव्हा शिरल्या हे कोणास कळले नाही. त्या बंबामागे पंचा धरोन उभ्या होत्या.

मग कडी निघाली. दारात कमलबाई उभ्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजलेली, ओठांवर बोट. त्या म्हणाल्या, “पोऱ्या निजेल शे. आवाज करू नका.”

दोन्ही आजीसाहेब आत डोकावल्या. पाटावर सारिकाबाई, मांडीवर बाळराजे, हनुवटीवर दुधाचा थेंब, मूठ उघडी पडलेली, श्वास संथ. दोन्ही डोळे काजळावाचून स्वच्छ, आणि कपाळास ना तीट ना गंध. सारिकाबाईंनी वर पाहिले आणि सासूबाईंकडे पाहत हळूच म्हणाल्या, “त्याला भूक लागत होती, आई. रोज.” इतके बोलोन त्यांनी भिऊन बाळास अधिकच जवळ धरिले. कमलबाईंनी पदर खोचला आणि आता काय शिक्षा होते ती ऐकावयास भिंतीशी उभ्या राहिल्या.

देवकाबाईंनी हातातील डबी मिटली. मग त्या न्हाणीघराचे उंबऱ्यावर, ओल्या फरशीची पर्वा न करिता, खाली बसल्या आणि म्हणाल्या, “माझा हेमराज असाच रडायचा. बावीस दिवस. माझी आई अन् माझी सासू, दोघी तुम्ही आधी, तुम्ही आधी करत बसायच्या, अन् मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची. पोलकं भिजून जायचं माझं. मला वाटायचं, हे असंच असतं.” मग सारिकाबाईंकडे वळोन म्हणाल्या, “अन् आता मीच तेच करत होते गं, पोरी.”

रत्नाअक्कांनी शेगडी बाजूस ठेविली आणि त्याही उंबऱ्यावर विहीणबाईंचे शेजारी बसल्या. त्यांनी देवकाबाईंचा हात हातात घेतला आणि दोघी पदराने डोळे पुसत बाळाकडे पाहत राहिल्या. आबांनी सदऱ्याची गुंडी उगाच लावली आणि काढिली.

मग देवकाबाईंनी कमलबाईंकडे पाहोन हुकूम फर्माविला, तो दफ्तरी नोंदावयाजोगा आहे. की आजपासोन बाळ पाण्यातून निघाले की थेट आईजवळ. मध्ये कोणाचाही मान नाही, धुरी-काजळाची आवश्यकता नाही, दृष्ट काढावयाचीच तर निजल्यावर दुरून काढावी. आणि हातमोजेवाली कोणी येणार नाही. “कमलबाई, उद्या आठला या तुम्ही,” त्या म्हणाल्या, “मला बी शिकायचंय. जळगावला नेल्यावर याला मी न्हाऊ घालणार आहे.” कमलबाईंनी मान हलविली. त्यांनी नुसते आपले दोन्ही हात लुगड्यास पुसले, आणि ते आधीच कोरडे होते.

येणेप्रमाणे रविवारी सकाळी नऊ वाजोन बावीस मिनिटांनी न्हाणीघर फत्ते जाहाले. खर्ची पडले ते एक बंब पाणी, वाटीभर तेल आणि आबांचे सदऱ्याची इस्त्री. कैद कोणी जाहाले नाही, पळोन कोणी गेले नाही. बाळराजे साडेतीन तास निजले. ही फत्ते कमलबाईंचे नावे लिहिली, तीत कोणी दुसरे नाव घालू नये. अजून पुष्कळ लिहिता येते आणि शाईही उरली आहे. परंतु बाळ शेजारच्या खोलीत निजले असता कागद फार सळसळतो, म्हणोन कलम येथेच हळूच खाली ठेविली.